शेटजींचा नांगर

कोकणातल्या माणसाला पोहता येतं, होडी चालवता येते आणि तो रोज मासे खातो, ही तीन गृहीतकं घाटावरच्या वाटूर गावात माझ्या आधीच येऊन बसली होती. मला त्यातलं एकही लागू नव्हतं. माझं गाव राजापूरच्या वर, समुद्रापासून दोन डोंगर आत. आमच्या घरात अंडंही शिजत नसे, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की अजूनही मला घाम फुटतो. खोल्या बघायला गेले त्याच दिवशी मी हे सगळं घरमालकांना सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी पन मॅडम, समुद्रवाल्या लोकांत तुमचं उठनं-बसनं असनच की."

पुढे मला जो छळ सोसावा लागला, त्याचं मूळ या एका वाक्यात होतं.

त्यांना सगळे शेटजी म्हणत. वाटूर फाट्याजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, मागे घर, आणि घरावर दोन खोल्या. तिथल्या हायस्कूलमध्ये नोकरी लागली तेव्हा त्या मी भाड्यानं घेतल्या. त्यांचे पूर्वज राजस्थानातून उंटावरून आले की बैलगाडीतून, यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही मतं दिवाळीला मोठ्या आवाजात मांडली जात. शेटजी मात्र कशावरही जोरात बोलत नसत. ते फक्त विचारत असत. दुकानात कोणी दोरी मागितली की ती काढून देण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय करनार हाय हिचं?"

"बैल बांधायचा हाय, शेटजी."

"बैल ओढतो का?"

"न्हाई, गरीब हाय."

"मंग ही नको. ही मानेला काचती. दुसरी मागवतो, बाजाराच्या दिशी या."

बैलवाला बाजाराच्या दिवसापर्यंत कशाला थांबेल? तो शेजारच्या दुकानातून दोरी घेऊन दहा मिनिटांत गावाच्या वाटेला लागे. त्या शेजारच्या दुकानदाराइतकं मनापासून शेटजींना दीर्घायुष्य चिंतणारा माणूस मी पाहिला नाही.

माझ्या खोलीच्या दाराची कडी सैल आहे, असं मी एकदा सहज बोलले. त्याच संध्याकाळी शेटजी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, कडी उपसून खिशात घातली आणि चांगली कडी शोधायला लागले. ती सापडेपर्यंत मी दाराला ट्रंक लावून झोपत होते. आठवड्यानं मी म्हटलं, निदान जुनी तरी परत लावा. ते दुखावलेच. "खराब वस्तू हातानं परत लावायची? घाई केली की दोनदा खर्चा, मॅडम." महिनाभरानं लागलेली कडी उत्तम होती, हे मला मान्य करावं लागेल. पण त्या महिन्यात ट्रंकेला ठेचकळून माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं, तेही कुणीतरी मान्य करावं.

त्यांच्या पत्नीला मी भाभी म्हणत असे. त्या गोऱ्या, ठेंगण्या आणि कायम हसतमुख. माझी तक्रार ऐकून म्हणाल्या, "तुम्ही एका महिन्यात सुटल्या. मला पसंत करायला हे चार वेळा आल्ते. चौथ्या टायमाला माझ्या वडलांनी विचारलं, पोरगी पाहायला येऊन राह्यले की जमीन?"

तर अशा माणसानं होडीचा नांगर निवडायचं मनावर घेतलं.

शेटजींच्या घरात कांदा-लसूणही भाभींच्या मूडवर अवलंबून असे. मासे तर बोलण्यातही येत नसत. होडी त्यांची नव्हती. ती उत्तम भोई यांची होती. उत्तमभाऊ आणि शेटजी लहानपणी एका वर्गात, एका बाकावर. पुढे एक दुकानात बसला, एक दुधना नदीच्या धरणामागे साचलेल्या पाण्यात, फुगवट्यात, मासे धरायला लागला. दोस्ती मात्र तशीच राहिली. उत्तमभाऊ बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. आत येत नसत, कारण अंगाला माशांचा वास येतो असं त्यांचं म्हणणं. मग शेटजीच गल्ला सोडून पायरीवर येऊन बसत. दोघंही फारसं बोलत नसत.

एका हिवाळ्यात उत्तमभाऊंना झटका आला. पाय सावरला, तोंडही सरळ झालं, पण डावा हात तसाच लोंबत राहिला. मुलं पुण्याला कंपनीत होती. ती म्हणाली, होडी विका आणि आमच्याकडे या. उत्तमभाऊ नाही म्हणाले. त्यांची अडचण एवढीच होती की काठालगतच्या उथळ पाण्यात जाळं उचलताना होडी एका जागी थांबवावी लागते. आधी ते एका हातानं बांबू चिखलात रोवून होडी धरत आणि दुसऱ्या हातानं जाळं ओढत. आता हात एकच. होडी धरावी तर जाळं राहतं, जाळं ओढावं तर होडी वाऱ्यानं निघून जाते.

"नांगर पाहिजे," शेटजी त्या रात्री जेवायच्या आधीच माझ्या जिन्यावर येऊन म्हणाले. "तुमच्याकडं काय वापरतात?"

मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. म्हटलं, मला माहीत नाही.

"आठवून पाहा," ते म्हणाले आणि खालच्या पायरीवर बसले.

त्यानंतरचे कित्येक महिने ते त्याच पायरीवर बसले होते असं मला आता वाटतं.

सुरुवातीला सगळं सोपं दिसत होतं. उत्तमभाऊ म्हणाले, "शेट, दोरीला धोंडा बांध आन दे मला. झालं." शेटजींनी धोंडा बांधून पाहिला. हलका धोंडा वाऱ्यात चिखलावरून घसरत गेला आणि जड धोंडा एका हातानं वर येईना. मग विहिरीत पडलेली बादली काढायचा चार नख्यांचा गळ झाला. तो फुगवट्याखाली बुडालेल्या बाभळीच्या खोडात असा रुतला की दोरी कापून घरी यावं लागलं. गावच्या लोहाराला शेटजी म्हणाले, नांगर करून दे. तो म्हणाला, लाकडी का लोखंडी? शेटजी म्हणाले, पाण्यातला. लोहारानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं, कारण शेटजी मला सगळीकडे सोबत नेत. "पाण्यात काय पेरनार हाय मॅडम?" त्यानं मला विचारलं. तिथून परतताना मी ठरवलं की यापुढे आपण येणार नाही. दुसऱ्या रविवारी मी पुन्हा त्यांच्या टेम्पोत होते.

मग शेटजींना मोबाईलवर परदेशातली एक होडी सापडली. तिच्या मागच्या बाजूला दोन लांब दांडे घडी करून ठेवलेले. बटण दाबलं की दांडे उलगडत, पाण्याच्या तळात घुसत आणि होडी जागच्या जागी उभी. तो व्हिडिओ त्यांनी मला किती वेळा दाखवला त्याचा हिशेब नाही. मी शाळेत जायला निघाले की ते दुकानातून हात वर करून म्हणत, "मॅडम, दोन मिनिटं. दांडा तळाला लागतो त्या टायमाला आवाज ऐका." मी ऐकत असे. आवाज दांडा तळाला लागल्यासारखाच येई.

बटणाची होडी वाटूरला येणार नव्हती, पण दांड्याची कल्पना त्यांना पटली. उथळ पाण्यात दोरी सोडून होडी झुलत ठेवली तर ती आपल्याच जाळ्यात गुंतणार. त्यापेक्षा खुंट्याला जनावर बांधावं तशी ती बांधून टाकावी. आता प्रश्न असा, की दांडा किती जाड, टोक कसं, आणि तळाची माती त्याला धरून ठेवील का. यासाठी त्यांनी अंगणातला पाण्याचा हौद रिकामा केला आणि त्यात शेतातली काळी माती ओतून चिखल केला.

त्या हौदातून आम्हा सगळ्यांचं वापरायचं पाणी येत असे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मी सकाळी बादली घेऊन खाली आले तर शेटजी हौदाच्या काठावर बसून चिखलात रोवलेल्या पाइपाला भाजीवाल्याचा लटकता काटा लावून ओढत होते.

"शेटजी, पाणी?"

"एक मिनिट मॅडम. आकडा वाचा बरं जरा. माझा चष्मा वर राह्यला."

मी आकडा वाचला. शाळेत जायला उशीर झालेला, अंगाला पाणी नाही आणि मी काट्यावरचा आकडा वाचते आहे. त्या दिवसापासून कित्येक आठवडे मी आणि भाभी शेजारून कळशीनं पाणी आणत होतो. भाभी हसत होत्या. मला हसू येत नव्हतं.

या काळात त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ दुकानात येऊन बसले आणि बोलता बोलता म्हणाले, की आपल्या माणसानं मासे मारायला मदत करावी हे बरं दिसत नाही. शेटजी म्हणाले, "मी नांगर देऊन राह्यलो, जाळं न्हाई. नांगरानं मासा मरतो का?" गृहस्थ उठून गेले. पण मला तेव्हा चिखलाचा राग होता. मी म्हटलं, "शेटजी, होडी थांबते ती जाळं ओढायलाच ना?" ते उठून खाली गेले. दोन संध्याकाळी जिन्यावर आलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पायरीवर बसत म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पाप हाय ते. मी पुष्कळ विचार केला. आता करायचंच हाय, तर नीट करू."

मी विचारलं, इतकं करण्यापेक्षा उत्तमभाऊंना हाताखाली एक माणूस का बघून देत नाही?

"मानूस ठेवला की तो होडीत जाईन, आन उत्तम काठावर बसन," ते म्हणाले. "आमचे बापूजी असेच बसले होते. झटका आला आन आम्ही म्हनलो, बापूजी, तुम्ही आता आराम करा, गल्ला आम्ही पाहतो. गादी दिली, लोड दिला. पुढच्या उन्हाळ्याला बापूजी न्हाई."

एवढं बोलून त्यांनी खिशातून दोन पाइपांचे तुकडे काढले आणि यातला कोणता हाताला बरा वाटतो ते मला विचारलं.

उन्हाळा लागता लागता पहिला नांगर तयार झाला. होडीच्या एका बाजूला, पुढे आणि मागे, एकेक लोखंडी कडं नट-बोल्टनं बसवलेलं. प्रत्येक कड्यातून टोकदार पाइप खाली सोडायचा. पाइपाच्या डोक्याला आडवी मूठ, म्हणजे एका हातानं दाबता येईल. चाचणीला होडीत तिघं होतो, उत्तमभाऊ, शेटजी आणि समुद्रवाली मी. जाळं नव्हतं. मी येत नाही म्हटलं होतं. भाभी म्हणाल्या, "जा मॅडम. तुम्ही म्हनल्याबिगर त्यांना पटनार न्हाई, आन पटल्याबिगर माझा हौद रिकामा होनार न्हाई."

दोन्ही पाइप सपकन खाली गेले. होडी थांबली. खरंच थांबली, जमिनीवर असल्यासारखी. शेटजी उभे राहून एका बाजूला झुकले, दुसऱ्या बाजूला झुकले. उत्तमभाऊंनी उजव्या हातानं, जाळं ओढल्यासारखं, पाणी ओढून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटल्यासारखं पाहिलं.

दुपार कलत होती. पलीकडच्या काठावर धूळ उठलेली मी पाहिली आणि ती वावटळ असेल असं मला वाटलं. उत्तमभाऊ म्हणाले, "शेट, वारं येऊन राह्यलं. काढ पाइप, जल्दी."

वारा आडवा आला. नुसत्या नाकाशी बांधलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, हे मला नंतर कळलं. आमची होडी वळू शकत नव्हती. आम्ही तिला दोन्हीकडून खिळून ठेवलं होतं. लाटा लहान होत्या, पण सगळ्या एका बाजूनं आत येत होत्या. मागचा पाइप उत्तमभाऊंनी हलवून हलवून उपसला. पुढचा येईना. वाऱ्यानं होडी त्याच्यावर रेलली, पाइप कड्यात तिरपा अडकला आणि होडीचं नाक खाली दबलं. माझ्या घोट्यापर्यंत पाणी आलं. मी डब्यानं ते बाहेर टाकत होते आणि शेटजी पाइपाकडे बघत म्हणत होते, "थांबा, कारन काय ते पाहू."

"शेट," उत्तमभाऊ म्हणाले, "कारन मंग पाहू."

शेटजींनी धोतर खोचलं आणि होडीच्या कडेवरून पाण्यात उतरले. त्यांना पोहता येत नव्हतं. पाणी त्यांच्या छातीच्या वर आलं आणि पाय चिखलात गेल्यावर गळ्याशी आलं. एका हातानं पाइप धरून त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातला पाना काढला. पाना त्यांच्या खिशात कायम असे, लग्नालासुद्धा. त्यांनी कड्याचा पहिला नट सोडवला, आणि लाटा तोंडावर येत असताना तो नट, हरवू नये म्हणून, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. तो नट फेकून द्या असं मी त्यांना सांगितलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यांनी दुसरा नट सोडवला. तोही खिशात ठेवला.

कडं सुटलं आणि होडी निघाली. एका झटक्यात आम्ही वाऱ्याबरोबर लांब गेलो आणि शेटजी मागे राहिले, पाण्याच्या मधोमध, पाइप धरून. मग धूळ आली आणि ते दिसेनासे झाले.

होडी काठाच्या चिखलात जाऊन रुतली. उत्तमभाऊ उतरले, पाण्यात उभे राहिले आणि हाका मारायला लागले. वाऱ्यात हाक पुढे जातच नव्हती. ते मागे वळून मला म्हणाले, "त्याला पवता येत न्हाई हो." जणू ते मला माहीतच नव्हतं.  मी त्यांचा चांगला हात धरला. मला त्या क्षणी शेटजींचा इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. पाइप, चिखल, काटा, माझा हौद, आणि आता हे.

वारा ओसरायला लागला तसे आम्ही होडी ढकलली. एक वल्हं त्यांनी घेतलं, एक मी. माझ्या बाजूनं होडी नुसती गोल फिरत होती. "मॅडम, सावकाश. माझ्या बराबर," उत्तमभाऊ म्हणाले. मी त्यांच्या खांद्याकडे बघून वल्हं मारत राहिले. धूळ बसली, तेव्हा पाण्यावर आधी पाइपाची आडवी मूठ दिसली, मग तिच्यावर दोन हात, मग शेटजींचं डोकं. टोपी गेली होती. चेहरा चिखलानं माखला होता.

आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांचे दात वाजत होते. ते म्हणाले, "पाइप बिलकुल हालला न्हाई, उत्तम. चूक कड्याची हाय. कडं बंद न्हाई पाहिजे, उघडं पाहिजे."

उत्तमभाऊंनी त्यांना आईवरून शिवी दिली. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली पहिली.

"आन पाइप एकच पाहिजे," शेटजी म्हणाले. "जरा थांबा, मी हालवून बघतो."

"शेटजी, चढा," मी म्हटलं. हा आवाज मी वर्गात शेवटच्या बाकांसाठी राखून ठेवते. ते चढले.

त्यानंतर आठ दिवस भाभी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हसणाऱ्या बाईचं न बोलणं फार जाचतं. नवव्या दिवशी शेटजींनी स्वतः हौद धुतला, पाणी भरलं, आणि मग भाभींनी त्यांना चहा दिला. मला वाटलं, आता संपलं. त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली.

शेवटी जो नांगर झाला तो अगदी साधा होता. होडीच्या नाकाशी एकच पाइप, म्हणजे वारा आला की होडी त्याच्याकडे तोंड करणार. पाइपाला दोरीचा फास आणि तो होडीवरच्या लाकडी खुंटीत अडकवलेला. खुंटी एका हातानं उपटली की होडी मोकळी; पाइप पाण्यातच राहू द्यायचा, डोक्यावरचा लाल डबा बघून मग घेऊन जायचा. होडीचं शेपूट फिरू नये म्हणून मागे तळावर लोळणारा साखळीचा एक तुकडा. खुंटी बाभळीची की सागाची, यावर आणखी एक महिना गेला. तो महिना मी सांगत नाही.

उत्तमभाऊ पहिल्यांदा एकटे जाळं उचलायला गेले, त्या सकाळी शेटजींनी मला उजाडताच उठवलं. काठावर पोचलो तेव्हा होडी आत गेली होती. उत्तमभाऊंनी पाइप सोडला, अंगाच्या भारानं दाबला, फास खुंटीत अडकवला. मग मागे जाऊन साखळी टाकली आणि वाकून जाळ्याची दोरी हातात घेतली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेटजी तिकडे बघतच नाहीत. ते पाण्याकडे पाठ करून उभे होते. समोर उन्हाळ्यातलं रिकामं कापसाचं रान होतं आणि त्या रानाकडे ते एकटक बघत होते. हात मागे बांधलेले, बोटं एकमेकांत घट्ट.

"शेटजी, इकडे बघा की. इतके महिने कशासाठी केलं?"

"जाळं वर येनार ना आता," ते म्हणाले. "ते मला पाहवनार न्हाई. तुम्ही पाहा."

मी कपाळाला हात लावला.

"होडी हालली का?" त्यांनी रानाकडे बघत विचारलं.

वारा होता. पाण्यावर काटा उठत होता. उत्तमभाऊ एका हातानं जाळं ओढत, गुडघ्याखाली दाबत, पुन्हा ओढत होते. जाळ्यात काहीतरी चमकलं, फडफडलं. होडी जिथे होती तिथेच होती.

"न्हाई हालली," मी म्हटलं.

"बराबर पाहा, मॅडम."

मी बराबर पाहिलं. मासे मिळाले का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.